होडीत किती चिंचोके मावतात?

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेआठला निरोप येतो. उद्या छोट्या गटाचा ‘रेनी डे’ आहे, मुलांना निळे कपडे घालावेत, सोबत पुठ्ठ्याची सजवलेली छत्री द्यावी. मग बाबा रेनकोट चढवून स्टेशनरीचं दुकान गाठतात, आई चमकीचा कागद आणि फेव्हिकॉल शोधते, आणि साडेदहाला छत्री तयार होते. जिच्यासाठी ती करायची, ती चार वर्षांची मुलगी तोवर झोपून गेलेली असते. झोपेपर्यंत ती खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून पागोळ्या झेलत होती आणि ‘ओली होशील, आत ये’ असं तिला तीनदा सांगून झालेलं असतं.

हे चित्र एका घराचं नाही. बालवाडीच्या वयात ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणजे विकत आणायची वस्तू, असा अर्थ हळूहळू रुळला आहे. कधी ती छापील वर्कशीट असते, कधी तयार किट, तर कधी महिन्याच्या महिन्याला घरपोच येणारा खोका. आणलेलं साहित्य मोठी माणसं चिकटवतात, मूल त्याच्यासोबत फोटो काढून घेतं. दुसरीकडे, महाराष्ट्रातले ऋतू दर दोन-तीन महिन्यांनी दाराशी नवं साहित्य आणून टाकतात, फुकट. ते कसं वापरायचं याचे नियमही घरातल्या आजीला पाठ असतात. मोठ्यांनी फक्त एक बरा प्रश्न विचारायचा आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. यातला दुसरा भाग अवघड आहे.

दारातल्या साहित्यावर शाळा चालते, हे महाराष्ट्रात करून दाखवलं ते ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. शहरातल्या माँटेसरी शाळांत गुळगुळीत लाकडाचं, रंग दिलेलं, महागडं साहित्य असायचं. बोर्डीत ते परवडण्याजोगं नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं आणि माती हेच साहित्य झालं. मोजायला बिया होत्या, लहान-मोठं लावायला शिंपले होते, खरखरीत आणि मऊ ओळखायला पानं होती. मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना घरची धाकटी भावंडं सांभाळायची असत. तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. १९५७ साली काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली वारली मुलं गुरं चारायला जात, म्हणून गुरं चरतात त्या कुरणात भरणारी ‘कुरणशाळा’ निघाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या शब्दातलं अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिलं.

याच धाटणीचं काम विज्ञानात केलं अरविंद गुप्ता यांनी. आयआयटीतून शिकलेला हा इंजिनिअर १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेला. तिथे काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. नंतर पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी मोडून बघायची असतात. काचेच्या कपाटात ठेवायच्या खेळण्यांपासून ती नेमकी इथे वेगळी पडतात.

आता पुन्हा पावसाकडे येऊ. ‘रेनी डे’ला करायचंच असेल, तर छत्रीपेक्षा पावसाची बाटली बरी. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली गळ्याखाली कापायची, कापलेला भाग उलटा करून तिच्यावर नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ उंचसखल असतो, म्हणून आत चार खडे टाकून एका खुणेपर्यंत पाणी भरून घ्यायचं. ती खूण म्हणजे शून्य. बाटली उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी पाहायची. चार वर्षांच्या मुलाला पट्टीवरचे मिलिमीटर कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. खुणेपासून वर जेवढं पाणी चढलं, तेवढ्याच लांबीची कागदाची पट्टी त्यानं कापायची आणि भिंतीवर कालच्या पट्टीशेजारी चिकटवायची. बाटली रिकामी करून पुन्हा खुणेपर्यंत भरायची. जुलैअखेर भिंतीवर पावसाचा आलेख उभा राहतो, तोही आलेख हा शब्द न उच्चारता. ‘सगळ्यात उंच पट्टी कोणत्या दिवसाची?’ या प्रश्नाला मूल बोटानं उत्तर देतं. ‘त्या दिवशी आपण काय केलं होतं?’ विचारलं, की पुढची गोष्ट तेच सांगतं.

घरात तिसरी-चौथीतलं भावंड असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे त्याला सांगावं. गच्ची मोजायला ते स्वतःहून पळतं. मुंबईतल्या आजी-आजोबांनी २६ जुलै २००५ची आठवणही सांगावी. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढ्या लांबीची दोरी कापून मुलाशेजारी उभी धरली, तर ती साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यापर्यंत येते. पावसाचा आकडा असा अंगाला लावून पाहिला, की मूल तो विसरत नाही.

होड्या तर सगळेच करतात. त्यात एकच भर घालायची, ती म्हणजे मूठभर चिंचोके. वर्तमानपत्राची एक होडी, गुळगुळीत मासिकाच्या कागदाची दुसरी, दोन्ही परातीतल्या पाण्यात सोडायच्या आणि विचारायचं, ‘हिच्यात किती चिंचोके मावतील, बुडेपर्यंत?’ आधी अंदाज, मग एकेक चिंचोका. पाच वर्षांचा मुलगा ‘शंभर’ म्हणतो, कारण शंभर ही त्याच्या ओळखीची सगळ्यात मोठी संख्या असते. तो सगळे चिंचोके होडीच्या एकाच टोकाला टाकत जातो. सहाव्याला होडी कलते, सातव्याला पाणी आत येतं. इथे शेजारी उभ्या असलेल्या बाबांच्या जिभेवर ‘अरे, मध्ये ठेव’ हे शब्द आलेले असतात. ते गिळावेत. दुसऱ्या होडीत तो जरा थांबतो, एक चिंचोका इकडे, एक तिकडे ठेवून पाहतो. तिसऱ्यांदा त्याला काहीतरी सापडलेलं असतं. ते त्याला शब्दांत सांगता येत नाही, पण हाताला कळलेलं असतं. वर्तमानपत्राची होडी आधी ओली होऊन बसते, गुळगुळीत कागदाची जास्त वेळ टिकते, हा शोधही त्याचाच.

सूर्याचा मृग नक्षत्रातला प्रवेश ७-८ जूनच्या सुमारास होतो आणि पाऊस वेळेवर आला, तर त्याच दिवसांत मातीवर लालभडक मखमलीचा ठिपका चालू लागतो. तो मृगाचा किडा. पूर्वीची मुलं त्याला काडेपेटीत ठेवत, सोबत हिरवं पान टाकत आणि दुसऱ्या दिवशी तो मेला म्हणून हळहळत. आता वाटीत घेऊन पाच मिनिटं बघावा आणि जिथून उचलला तिथेच सोडावा. बघताना काम एकच, त्याचे पाय मोजायचे. मोठ्या किड्याचे पाय आठ भरतात. मुंगीचे सहा असतात, माशीचे सहा, झुरळाचेही सहा. मग हा आठ पायांचा किडा कुणाच्या घरचा? कोळ्याचे पाय मोजल्यावर उत्तर सापडतं. नावात किडा असला, तरी तो कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला. शास्त्रातलं वर्गीकरण याहून वेगळ्या रीतीनं सुरू झालेलं नाही.

त्याच सुमारास उकिरड्याशेजारी, परसात टाकलेल्या आंब्याच्या कोयींना तांबूस कोंब फुटतात. अशी कोय सोलून आतला गर दगडावर घासला, की पिपाणी वाजते. घरातल्या कोणाला तरी ही कला येत असते. विचारून पाहावं, बहुधा आजोबांना येते आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

श्रावण-भाद्रपदात तर अभ्यासक्रम देवघरातच येतो. हरतालिकेला आणि गणपतीला पत्री लागते. गणपतीच्या पूजेत एकवीस प्रकारची पानं सांगितली आहेत. बाजारात पत्रीची जुडी आयती मिळते, पण ती सोडवून पानं वेगळी करायचं काम मुलांना द्यावं. लव असलेलं, गुळगुळीत, कातरलेल्या कडेचं, वास येणारं, चुरगळल्यावर वास येणारं असे त्यांचे ढीग लागतात. नावं नंतर कळली तरी चालतात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात गणपतीवर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारी, केळी, आंबाडे, तोरिंजन आणि किती तरी रानफळं टांगलेली असतात. माट्टी या झाडाची फळंही तिथे दिसतात. माटोळीखाली उताणं पडून ‘गोल गोल किती, लांब लांब किती’ हा खेळ खेळताना मूल निम्मं रान ओळखून घेतं.

कोकणात आणि देशावर अनेक घरी तेरड्याची गौर असते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सगळे म्हणतात, ती तपासून कुणी पाहत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे काम द्यावं. तेरडा, जास्वंद, झेंडू आणि गुलबक्षी यांचं एकेक फूल पाण्याच्या वाटीत ठेवायचं आणि रोज सकाळी प्रत्येकाचं चित्र काढायचं. कोण किती दिवस टिकतं, ते चित्रंच सांगतात. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला हात लावला, की ते फुटून बिया उडतात. हा प्रकार एकदा पाहिलेलं मूल रस्त्यात तेरडा दिसला की थांबणारच. शाळेला उशीर झाला तर झाला.

विदर्भात याच दिवसांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून गल्लीतून ओढत नेतात. इतर ठिकाणी पोळ्याला आणि बेंदराला मातीचे बैल करतात. कुंभाराकडून आणलेल्या बैलापेक्षा घरी केलेला, तीन पायांवर कसाबसा उभा राहणारा बैल मुलाच्या बोटांना जास्त शिकवतो. माती किती सैल, किती घट्ट, पाय जाड की बारीक, वाळताना तडा का गेला, हे सारं त्यात आलं. पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद इथेच कमावली जाते. ‘अ’ गिरवून ती येत नाही.

पण महाराष्ट्राच्या ऋतूंमधला सगळ्यात तल्लख खेळ आहे भोंडला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात जातो, म्हणून पाटावर हत्ती काढतात आणि त्याच्याभोवती फेर धरतात. कुठे तो हादगा असतो, तर विदर्भ-खानदेशात भुलाबाई. सोळा दिवसांच्या हादग्याची जुनी रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, आणि असं चढत सोळाव्या दिवशी सोळा. पहिल्या दिवशी एक चिंचोका, त्याच्या शेजारी दोन, त्याच्या शेजारी तीन अशा रांगा मांडत गेलं, तर जमिनीवर जिना तयार होतो. सोळाव्या पायरीपर्यंत एकूण १३६ चिंचोके लागतात. म्हणजे सोळा दिवसांत १३६ गाणी. आज्यांच्या पाठांतराचा हा हिशेब मुलांनी मांडला, की आज्याही चकित होतात.

गाणी संपली, की खिरापत ओळखायची. डबा बंद असतो, तो हलवून वाजवून दाखवतात. लहान मुलं थेट झडप घालतात. ‘लाडू? चिवडा? शंकरपाळी? चकली?’ दहा नावं घेऊनही हाती काही लागत नाही. सातवीतली ताई मात्र वेगळं विचारते. ‘गोड का तिखट?’ तिखट. ‘तळलेलं?’ हो. ‘ओलं का कोरडं?’ कोरडं. ‘कुरकुरीत?’ हो. ‘भोक आहे?’ सगळ्या हसतात आणि कडबोळं बाहेर येतं. थेट नाव घेतलं, तर एका प्रश्नाला एकच पदार्थ बाद होतो. गट पाडणारा प्रश्न निम्मे पदार्थ बाद करतो. हो-नाही उत्तरांचे पाच नेमके प्रश्न ३२ पदार्थांतून एक शोधून देतात. चार वर्षांच्या मुलीला हे कुणी समजावून सांगत नाही. ती रोज ताईच्या शेजारी बसून ऐकते, आणि सातव्या-आठव्या दिवशी तिच्या तोंडून आपसूक निघतं, ‘गोड आहे का?’ त्या क्षणी तिच्या विचार करण्यात जो बदल झालेला असतो, तो कोणत्याही वर्कशीटवर दिसत नाही. हा खेळ भोंडल्यापुरता ठेवायचंही कारण नाही. शाळेचा डबा उघडण्याआधी आज डब्यात काय आहे ते पाच प्रश्नांत ओळखायचं, एवढा नियम केला तरी पुरे. तयारी शून्य.

याच दिवसांत नवरात्राचे घट बसतात. परडीतल्या मातीत धान्य पेरतात आणि नवव्या दिवशी ते चांगलं वीतभर वाढलेलं असतं. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं हे रोप फिकट पिवळं असतं. त्याच दिवशी तेच धान्य दुसऱ्या वाटीत पेरून खिडकीत ठेवलं, तर ते हिरवंगार येतं आणि उंचीला कमी भरतं. दोन्ही शेजारी ठेवून विचारायचं, ‘हे असं का?’ आलेलं उत्तर चुकीचं असलं, तरी लगेच दुरुस्त करू नये. ‘देवाला पिवळा रंग आवडतो’ हे उत्तर पाच वर्षांच्या मुलाच्या मानानं उत्तम आहे. पुढच्या वर्षी ते स्वतःच बदलेल.

दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतात, पण बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाची पानंही सर्रास खपतात. दोन्ही पानं मधून दुभंगलेली, मिटली की एक अर्धा दुसऱ्यावर नेमका बसणारी. आपट्याचं पान लहान आणि जाडसर, कांचनाचं मोठं. घरात जमलेल्या ढिगातून खरं सोनं आणि खोटं सोनं वेगळं करणं हा मुलांचा आवडता उद्योग होऊ शकतो. पाहुण्यांसमोर तो करू नये, एवढंच पथ्य.

मग किल्ला. प्लॅस्टरचे तयार किल्ले दिवाळीत रस्त्याच्या कडेला मांडलेले दिसतात. विकणाऱ्याचं पोट त्यावर आहे हे मान्य, पण तयार किल्ला म्हणजे सोडवून दिलेलं कोडं. विटा, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि वरून पसरलेली माती यात जी घालमेल आहे, तीच खरी. उतार जास्त झाला की माती घसरते, पाणी जास्त झालं की बुरूज बसतो. हिरवळीसाठी आळीव किंवा मोहरी पेरतात आणि ती उगवायला तीन-चार दिवस लागतात. म्हणजे लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवा हवा असेल, तर पेरायचं कधी? मूल कॅलेंडरवर बोट ठेवून उलटं मोजतं. वजाबाकी त्याला अजून कुणी शिकवलेली नसते. किल्ला झाला, की एकच प्रश्न विचारावा, ‘मावळे पाणी कुठून पिणार?’ या प्रश्नानं अर्धा तास खोदकाम चालतं आणि करवंटीचं टाकं तयार होतं. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ही बातमी सांगून कुठल्या किल्ल्याची नक्कल करायची ते मुलांना ठरवू द्यावं. नक्कल ओळखू येणार नाही, त्यानं काही बिघडत नाही.

हिवाळ्याला फार काही लागत नाही. मटार सोलताना प्रत्येक शेंगेत किती दाणे ते आधी ओळखायचं. बोरन्हाणात उधळलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे नंतर वेगळे करायचे. आणि खोबरेल तेलाची बाटली. सुमारे २४ अंशांखाली खोबरेल गोठतं. त्यामुळे पुण्या-नाशकात डिसेंबरच्या सकाळी ते दगडासारखं असतं आणि दुपारी पातळ. बाटली काखेत धरून ‘वितळव’ म्हटलं, की मूल अंगाची ऊब हा शब्द शिकतं. संक्रांतीला पतंग हवेच, पण नायलॉनचा मांजा नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे.

सरकारी कागदांतही हे सगळं आता आलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला. २०२२ साली त्याचा आराखडा आला, त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. २०२३ साली ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची आणि कोड्यांची पेटी आली. पेटीला विरोध असायचं कारण नाही. फक्त पेटी म्हटली, की ती कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागतं, आणि खेळणी हरवली तर जबाबदार कोण, हा प्रश्न उभा राहतो. खडे हरवले तर कुणी चौकशी लावत नाही.

बिया-पानांशी खेळताना जपायच्या गोष्टीही आहेत, आणि त्या हलक्यात घेण्याजोग्या नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोका, सागरगोटा, मणी काहीही देऊ नये. ते तोंडात जातं, नाकात जातं, घशात अडकतं. त्या वयाला करवंट्या, मक्याची कणसं, वाट्या-पातेली पुरेत. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर असते. सोनार एकेकाळी तिनं सोनं तोलत आणि एका तोळ्यात ९६ गुंजा धरत. पण ती चावली गेली, तर विषारी आहे. एरंडाच्या बिया, कण्हेर आणि धोतरा हेही तसेच. पावसाळ्यात दगड किंवा पालापाचोळा उचलायचा तो मोठ्या माणसानं, काठीनं. खाली विंचू-गोम असू शकते.

उन्हाळ्यात सकाळचं अंगण आणि दुपारची ओसरी, असे दोन वर्ग भरतात. सकाळी रंगाचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी देऊन मुलांना फरशीवर किंवा शहाबादीवर चित्रं काढायला सांगावं. घराचं दार काढेपर्यंत छप्पर वाळून नाहीसं होतं. मग घाई सुरू होते, मग सावलीतली फरशी शोधली जाते, कारण तिथे चित्र जास्त टिकतं. अक्षरं काढायची असतील, तर हीच पाटी. चुकलेलं खोडावं लागत नाही.

सावलीचा खेळही उन्हाळ्याचाच. मुलाला एका जागी उभं करून सकाळी आठला त्याच्या सावलीची खडूनं कड काढायची. त्याच जागी पुन्हा दुपारी आणि पुन्हा पाचला. सकाळची सावली पश्चिमेला लांब, दुपारची पायाशी, संध्याकाळची पूर्वेला. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे वर्षातून दोन दिवस सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात दुसऱ्या, नागपुरात शेवटच्या. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टच्या आसपास येतो आणि ढगांत जातो. पुण्यात साडेबाराच्या सुमारास आणि नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास अंगणात एक उभा डबा ठेवावा. डबा आहे आणि त्याची सावली नाही, हे बघायला पाच मिनिटांचं ऊन पुरतं. टोपी मात्र हवी.

दुपारी ओसरीवर चिंचोके येतात. चिंचोका फरशीवर घासून अर्धा केला, की एक बाजू पांढरी होते, दुसरी तपकिरी राहते. घासून गरम झालेला चिंचोका शेजाऱ्याच्या दंडाला लावायची खोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिला इलाज नाही. असे चार अर्धे हातात खुळखुळवून टाकले, की झाले फासे. चल्लस-आठसारखे पटावरचे खेळ कवड्यांवर चालतात, तसे यांच्यावरही चालतात. पट खडूनं जमिनीवर काढायचा. चार वर्षांच्या मुलाला पट नको, पांढरे किती पडले तेवढंच मोजून तितके खडे उचलायचे. सहा वर्षांच्या मुलीला मात्र प्रत्येक डावाला एक रेघ मारायला सांगावं. शून्य पांढरे आले, एक आला, दोन आले, अशा पाच रांगांत. पन्नास डावांनंतर मधल्या रांगा लांब होतात, टोकाच्या आखूड राहतात. चारही पांढरे पडले की सगळी ओसरी का ओरडते, याचं कारण तिच्या समोर रेघांत मांडलेलं असतं.

चिंच फोडून वर्षाची साठवण भरायचं काम घरोघर उन्हाळ्यातच होतं. शहरात निदान वाण्याकडे चिंच मिळते आणि तिच्यात पाच-दहा चिंचोके हमखास राहिलेले असतात. ते कचऱ्यात टाकू नका. धुऊन, उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवा. जूनमध्ये पहिला पाऊस आला, की होडीत घालायला ते लागतील.